डब्याच्या बुडाची टिकली

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

भवानी पेठ, सोलापूर
मार्गशीर्ष वद्य, सोमवार
(तिथी बघायला कॅलेंडरपर्यंत उठावं लागेल. येळवस तोंडावर आली, एवढं पुरे.)

चि. पंचाक्षरी जावईबापू यांना गौरम्मा आजीचे पोटभर आशीर्वाद आणि वर शरणार्थ.

तुम्ही आणि आमची शिवानी पुण्यात वेळेवर जेवून वेळेवर झोपत असाल असं धरून चालते. तुमची कंबर कशी आहे? दिवसभर खुर्चीत बसायचं काम, तरी कंबर धरते म्हणे (आमच्या पेठेत माणसं मागावर उभी राहून कंबर मोडून घ्यायची, तुम्ही बसून मोडून घेता, प्रगती आहे). एरंडेल कोमट करून चोळायला सांगा शिवानीला. कुर्डुवाडीला तुमचे आईवडील बरे आहेत ना? वडील रेल्वेच्या वर्कशॉपातून रिटायर झाल्यापासून घरातले सगळे नळ खोलतात आणि परत बसवतात, असं विहीणबाई सांगत होत्या. त्यांना माझा नमस्कार सांगा, आणि नळांना विश्रांती द्या म्हणावं. इकडे माझा विरुपाक्ष बरा आहे, दुकान बरं चाललंय, सूनबाई दानेश्वरी बरी आहे. मी तेवढी बरी नाही. मला राग आला आहे.

आता नातजावयावर रागवायचं नसतं, एवढं मला कळतं. जावयाला पाट द्यायचा, तूप वाढायचं, आणि त्याचं चुकलं तरी आपणच खाली बघायचं, अशी रीत आहे. तेव्हा असं करू. या पत्रात जिथं जिथं राग दिसेल, तो शिवानीवर आहे असं समजायचं, आणि जिथं मान दिसेल तो तुमचा. तुम्ही वाचा, तिला ऐकू द्या. ती माझी बोलणी खाऊनच एवढी मोठी झाली आहे, तिला पचतात.

फोन करून का सांगत नाही म्हणाल, तर फोन बंद करून डब्यात घातला आहे. कोणत्या डब्यात ते विचारू नका. डब्यांवरच्या टिकल्या रागारागात उपटल्यामुळे कुठं काय आहे ते मला परत कळेनासं झालंय. म्हणून कागद घेतला. माझं शिक्षण म्हणजे अक्कलकोटकडच्या कन्नड शाळेत तिसरी, तीही अर्धी (म्हैस व्याली म्हणून दोन दिवस घरी बसवलं, ते बसवलंच). मराठी अक्षरं मी लग्न होऊन सोलापुरात आल्यावर दुकानांच्या पाट्या वाचून शिकले. त्यामुळे ‘चादर’, ‘टॉवेल’ आणि ‘उधार बंद’ एवढं मी कुणाहीपेक्षा सुंदर लिहिते, बाकीचं समजून घ्या.

तर दिवाळीला तुम्ही आलात तेव्हापासून सांगते. मी तुमच्यासाठी हुग्गी केली होती, म्हणजे आमची गव्हाची खीर, गूळ घालून. (तुम्ही दोनदा मागून घेतलीत. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) त्यात वेलदोडा घालायचा होता, तर मी वेलदोड्याचा डबा शोधत होते आणि तुम्ही दारात उभं राहून बघत होता की आजी अजून किती डबे उघडते. आमच्या घरात सगळे डबे स्टीलचे आणि सगळे एका घडणीचे, दानेश्वरीच्या माहेरून आले तसे. नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, पण डोळ्यांत मोती उतरायला लागल्यापासून मला चिठ्ठीच दिसत नाही, तर अक्षर कुठलं दिसायला. रव्यात मोहरी, मोहरीत खसखस असा माझा संसार चालू होता. तुम्ही हसलात. मान ठेवून हसलात, पण हसलात. आणि पुण्याला जाऊन पाकीटभर पांढऱ्या टिकल्या पाठवल्या, रुपयाएवढ्या, कपाळाला लावल्या तर मोठ्या आणि कशालाच न लावल्या तर वाया.

शिवानीनं फोनवर समजावलं. टिकलीच्या पोटात आपलं बोलणं ठेवता येतं, आणि फोनमध्ये तिनं ते ॲप घालून दिलं होतं. टिकली डब्याला चिकटवायची, ॲप उघडायचं, बोलायचं, फोनची पाठ टिकलीला टेकवायची. झालं, बोलणं आत गेलं. परत कधी टेकवली की फोनमधली बाई ते वाचून दाखवते. मी म्हटलं, बघू. पहिल्या दिवशी स्टीलच्या डब्यांना लावल्या तर सगळ्या मुक्या. तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणालात, आजी, या साध्या टिकल्या स्टीलवर चालत नाहीत. जावईबापू, सोलापुरात ज्या घरात स्टील नाही असं एक घर मला दाखवा, मी तिथं राहायला जाते. (हा राग शिवानीवर.)

पण मिठाची बरणी प्लॅस्टिकची. तिला लावली, बोलले, टेकवली, आणि बरणी बोलली. ‘मीठ.’ एवढंच. पण काय सांगू तुम्हाला. शांत आवाज, स्वच्छ, सासूबाई असाव्यात तर अशा. मी दानेश्वरीला बोलावलं, विरुपाक्षाला दुकानातून बोलावलं, बरणी सगळ्यांसमोर बोलवली. विरुपाक्ष म्हणाला, अव्वा, त्यात मीठ आहे हे मला आधीपासून माहीत होतं. तो लहानपणापासून असाच आहे, सर्कशीत वाघ बघून म्हणाला होता, हा वाघ आहे.

मग तुम्ही काळ्या पाठीच्या जाड टिकल्या पाठवल्यात, स्टीलवर चालणाऱ्या. त्या आल्या तेव्हा मी अंघोळ करून, प्रत्येकीला कुंकवाचं बोट लावून चिकटवल्या. सुरुवातीला मी फोन टिकलीपुढे ओवाळत होते, नवीन वस्तू घरात आली की हात आपसूक तसाच फिरतो. दोन-तीनदा ओवाळलं तरी बाई बोलेना. दानेश्वरी म्हणाली, अत्ती (सासूला आमच्यात अत्ती म्हणतात), टेकवा की. टेकवलं तर बोलली. आता तर मला सगळं येतं. ॲपमध्ये डोळ्याचं चित्र आहे ते वाचायचं, पेन्सिल आहे ती लिहायची, खोडरबर पुसायचं, आणि एक कुलूप आहे. कुलपाकडे नंतर येते, त्याचाच तर सगळा राग आहे.

फक्त टिकलीचं पोट लहान. साखरेच्या डब्याला मी सांगायला गेले, ही साखर, डॉक्टरांनी नको म्हटलंय पण सकाळच्या चहाला अर्धा चमचा चालतो, डॉक्टर काही आपल्या घरी चहाला येत नाहीत. तर बाई म्हणाली, जागा पुरत नाही. मला असं माझ्या सासूनंही कधी म्हटलं नव्हतं. मग तुम्ही मोठ्या पोटाच्या टिकल्या पाठवल्यात आणि तिथंच तुमचं चुकलं (शिवानीचं चुकलं). लहान पोटाच्या होत्या तोवर मी ‘साखर’ म्हणत होते आणि गप्प बसत होते. मोठ्या आल्यावर मी डब्यांशी बोलायला लागले.

खोटं का सांगू, मजा यायची. विरुपाक्ष दुकानात, दानेश्वरी तिच्या शिवणकामात, माझं ऐकायला घरात कोण? डबा ऐकायचा. हरभऱ्याच्या डाळीला मी सांगितलं की ती कोणत्या दुकानातली आणि त्या दुकानदारानं वजनात कसा अंगठा टेकवला. मेतकुटाला सांगितलं की ते विरुपाक्षाला आवडत नाही म्हणून तो आल्यावर लपवायचं. परत टेकवलं की बाई ते सगळं इतक्या गंभीरपणे वाचायची की मला माझंच बोलणं पटायचं.

आता परक्या डब्यांचं. आपल्यात कुणाचा डबा आला तर तो रिकामा परत करत नाहीत, हे तुमच्या कुर्डुवाडीलाही असेल. निदान दोन लिंबं, कढीपत्त्याची काडी, काहीतरी घालून पाठवायचं. आणि जसं आलं तसं जावं लागतं. शेंगापोळीच्या डब्यात कुरमुरे घालून पाठवले तर शेजार टिकत नाही. त्यामुळे प्रत्येक घरात चार परके डबे आपली पाळी बघत बसलेले असतात. कोणता कुणाचा ते कडेला सुईनं नाव कोरलेलं असतं त्यावरून कळतं, पण त्यातून काय आलं होतं आणि ते कसं होतं, हे माझ्या डोक्यात राहीना. म्हणून मी परक्या डब्यांच्या बुडालाही टिकल्या लावल्या. बुडाला, म्हणजे आल्यागेल्याला दिसू नये. माझी हुशारी बघा.

समोरच्या घरातली सिद्धेश्वरी तुम्हाला आठवत असेल. लग्नात तुमच्या शेरवानीची बाही ओढून कापड कुठलं विचारत होती, तीच. मी या बोळात आले त्याच्या पुढच्या पावसाळ्यात ती आली, तेव्हापासून आमच्या खिडक्या समोरासमोर आहेत. तिचा एक डबा माझ्याकडे होता. त्यातून शेंगापोळ्या आल्या होत्या. सिद्धेश्वरीच्या शेंगापोळ्या म्हणजे एके काळी अख्ख्या पेठेत नाव होतं, पापुद्रा असा की फुंकर मारली तर उडेल. या आल्या त्या सगळ्या एका मापाच्या, झाकण ठेवून कापल्यासारख्या. म्हणजे विकतच्या. पाकिटातून काढून स्वतःच्या डब्यात घातलेल्या. कारण मला माहीत आहे. तिचा उजवा हात थरथरतो. चहाची कपबशी देते तेव्हा डाव्या हातानं देते, आणि वाजली की म्हणते, बशीला तडा गेलाय. मी ते बघितलं आणि कुणाला बोलले नाही. विरुपाक्षाला नाही, दानेश्वरीला नाही, तिला स्वतःला तर नाहीच. फक्त डब्याला सांगितलं.

डब्याला सांगितलं ते असं, शब्द न् शब्द मला पाठ आहे, कारण नंतर ते फार ठिकाणी वाचलं गेलं: ‘सिद्धेश्वरीचा डबा. शेंगापोळ्या आल्या. विकतच्या. गूळ कमी, चिवट. तिचा हात थरथरतो, पोळी लाटता येत नाही, घरात कळू देत नाही. आपण काही बोलायचं नाही. हुग्गी पाठवायची.’

आणि मी हुग्गी केली, तिच्या डब्यात भरली, वर तूप सोडलं, आणि पाठवून दिली. टिकलीसकट.

आता तुम्ही म्हणाल, आजी, टिकली काढायची नाही का आधी. का काढू? टिकली माझी, फोन माझा, ॲप माझ्या फोनात, बोलणं माझ्या तोंडचं. घरचं कुत्रं घरच्यालाच ओळखतं, तशी टिकली मलाच ओळखणार असं मी धरलं होतं. कुणाचाही फोन टेकवला की ती त्याच्याशीही बोलते, हे तुम्ही मला सांगितलंत का? तुम्ही स्टीलचं सांगितलंत, कॅमेऱ्याजवळ टेकवायचं सांगितलंत, पण ती बाजारबसवी आहे हे सांगितलं नाहीत. (हा राग शिवानीवर, पण थोडा तुम्हीही घ्या.)

पुढचं दानेश्वरीनं मला सांगितलं, तिला भाजीच्या गाड्यावर सोनालीनं सांगितलं. सोनाली म्हणजे सिद्धेश्वरीची सून. तिनं हुग्गी काढून घेतली, डबा घासला आणि ओट्यावर पालथा घातला. बूड वर. मग कणीक मळताना बघायला म्हणून फोन त्या बुडावरच ठेवला. फोन टुंग झाला आणि माझं बोलणं त्याच्यावर अक्षरांत उमटलं. तिला वाटलं, कुणाचा तरी निरोप आलाय. सरळ मनाची पोरगी, मोठ्यानं वाचला. त्या वेळी वळसंगहून त्यांच्या शेतावरचा चन्नप्पा आलेला होता, तिचा नवरा जेवत होता, आणि सिद्धेश्वरी झोपाळ्यावर बसलेली होती. सगळ्यांनी ऐकलं. आणि सगळ्यांनी, दानेश्वरी म्हणाली, तिच्या हाताकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी सोनाली माझा चटणीचा डबा परत द्यायला आली. मी हातात घेतल्याबरोबर मला कळलं. रिकामा डबा उघडावा लागत नाही, हाताला कळतो. तरी उघडला. धुतलेला, पुसलेला, रिकामा. लिंबू नाही, कढीपत्ता नाही. आमच्या बोळात रिकामा डबा येतो तो सुतकातल्या घरातून. सिद्धेश्वरीच्या घरात तर कुणी गेलं नव्हतं. म्हणजे तिच्यापुरती मीच गेले होते.

आणि वर येळवस तोंडावर. पुण्यात येळवस नसते, म्हणून सांगते. या अमावस्येला आमच्याकडे घरात कुणी जेवत नाही, सगळे शेतात. तिथं कडब्याची खोप करायची, पूजा करायची, आणि सगळ्या भाज्यांची मिळून भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातली गार आंबील, अशी पंगत. आमचं शेत नाही. सिद्धेश्वरीचं वळसंगला आहे, आणि मी दर वर्षी त्यांच्याबरोबर टेम्पोत जाते. तिथल्या चिंचेखाली माझी जागा ठरलेली आहे, बुंध्याच्या डाव्या अंगाला, दुसरं कुणी बसलं तर चन्नप्पा त्याला उठवतो. आवतण म्हणून काही नसतं. येळवसच्या आधी एके सकाळी सिद्धेश्वरी खिडकीतून विचारते, गौरे, मडकं घासलंस का? झालं. तेच आवतण. या वर्षी मी रोज सकाळी खिडकीत केस विंचरत बसते (केस उरलेत किती, पण विंचरते), समोरची खिडकी बंद. माझा राग येतोय का लक्षात? शेत तिचं आहे, पण चिंच माझी आहे. तुमच्या एका टिकलीपायी माझी चिंच गेली.

मी शिवानीला फोन केला. ती म्हणाली, आजी सोपं आहे, टिकलीला फोन लाव आणि पुसून टाक. तुम्ही मीटिंगमध्ये होता. मी फोन कमरेला खोचला आणि विरजण मागायच्या निमित्तानं समोर गेले. सोनाली गच्चीवर कपडे वाळत घालत होती. स्वयंपाकघरात डबा ओट्यावर पालथा. मी ॲप उघडलं. एकीकडे खोडरबर, एकीकडे कुलूप. आता मला सांगा, तुमच्या घरातली एखादी गोष्ट दुसऱ्याच्या हाती पडू नये असं वाटलं तर तुम्ही ती पुसता का तिला कुलूप लावता? पुसलेलं तरी मागे दिसतं, शाळेतल्या पाटीवर बघितलंय मी. कुलूप पक्कं. मी कुलूप दाबलं. बाईनं विचारलं, कायमचं? मी म्हटलं, कायमचं असेल तर चांगलंच की. होय दाबलं.

मग खात्री करायला परत टेकवला. आणि त्या बाईनं सिद्धेश्वरीच्या स्वयंपाकघरात, मला ऐकू यावं म्हणून मोठा करून ठेवलेल्या आवाजात, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. विकतच्या. गूळ कमी. चिवट. मी खोडरबर दाबलं तर म्हणते, ही टिकली कुलूपबंद आहे, बदल करता येणार नाही.

जावईबापू, हे कसलं कुलूप? ज्या घराला लावलं तिथं चोर आरामात आत शिरतो, बघून जातो, वाचून जातो, आणि मालकिणीला तेवढा झाडू मारता येत नाही. असं कुलूप कुणी केलं? त्याच्या घरी दरवाजे आहेत का? आमच्या पेठेतल्या कुलपवाल्यानं असं कुलूप विकलं असतं तर त्याला गिऱ्हाइकांनी त्याच कुलपानं मारलं असतं.

मी सांडशीच्या टोकानं टिकली खरवडायला लागले. ती निघेना. तुमच्या काळ्या पाठीच्या टिकल्यांचा डिंक फार चांगला आहे, हे कौतुक म्हणून लिहीत नाही. घरच्या टिकल्या मी नंतर निम्म्याच उपटू शकले आणि माझी दोन नखं गेली. मी खरवडत होते आणि दारात सिद्धेश्वरी उभी होती. कधीची, देव जाणे. ती म्हणाली, “गौरे, डबा माजा हाय. त्येची पाठ कशाला खरवडतीस?”

मी म्हटलं, विरजण न्यायला आले होते. ती म्हणाली, विरजण बुडाला नसतं. तिनं हात पदराखाली घेतलेला. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि मला त्या हव्या होत्या, शिव्या दिल्या की उलट शिव्या देता येतात आणि मग चहा होतो. पण ती हळू आवाजात म्हणाली, “चिवट होत्या तर मला न्हाय सांगितलंस. डब्याला सांगितलंस.”

तिथं मला खरा राग आला. एवढी वर्षं समोरासमोर. मी म्हटलं, “आन् तू मला सांगितलंस का, हात थरथरतोय त्ये? म्या काय परकी हाय?”

ती म्हणाली, “साकु.” म्हणजे पुरे. ती लई दुखावली की कन्नडमध्ये जाते. मी घरी आले. विरजण विसरले. त्या दिवशी आमच्याकडे दही लागलं नाही.

तेव्हापासून फोन डब्यात आहे. विरुपाक्ष हसतो. म्हणतो, अव्वा, आपल्या बोळात तुझ्याआधी कुणाची बातमी स्टीलवर छापून आली नव्हती. त्याला मी दोन दिवस मेतकूट वाढलं.

तर जावईबापू, हे पत्र मिळताच पहिल्या रविवारी निघून यायचं. येताना डिंक सोडवायचं काहीतरी आणायचं. घरातल्या सगळ्या टिकल्या काढून, ते ॲप फोनातून उपटून, सगळं तुमच्या त्या पुण्यातल्या कंपनीला परत नेऊन द्यायचं. मला माझ्या डब्यांना नाव नको, आवाज नको, काही नको. मी आपली रव्यात मोहरी शोधत मरेन. जावयाला असं लिहू नये, म्हणून शिवानीला लिहिलं आहे.

विहीणबाईंना नमस्कार, शिवानीला दृष्ट काढून मीठमोहरी, तुम्हाला भरपूर आशीर्वाद.

तुमची (रागावलेली)
गौरम्मा आजी

ता. क. पत्राला पाकीट आणायला विरुपाक्षाला दुकानात पाठवलं तेवढ्यात सोनाली आली. हातात डबा. सिद्धेश्वरीचा तोच डबा. मी हातात घेतला तर जड. सोनाली म्हणाली, अत्तींनी सांगितलंय की आधी बूड बघायचं, मग झाकण उघडायचं, आणि पळाली. बघितलं तर जुन्या टिकलीच्या शेजारी दुसरी टिकली. सोनालीनं टिकली दानेश्वरीकडून मागून नेली आणि तेच ॲप स्वतःच्या फोनात घालून घेतलंय म्हणे. पण ऐकायचं कशावर, माझा फोन डब्यात. मग मी आणि दानेश्वरीनं घरातले सगळे डबे उघडले. तुरीत नाही, डाळीत नाही, तांदळात नाही. रव्यात सापडला. (मला वाटलं होतं तो रवा नाही, पोहे आहेत.) झटकला, सुरू केला, टेकवला. आवाज त्या बाईचा, पण शब्द सिद्धेश्वरीचे, जशी काही सिद्धेश्वरी कुठं शहरात शिकून आली: “पोळ्या माज्या हातच्या हायत. येक जाड, येक फाटकी. चिवट असतील तर मला येऊन सांग, डब्याला न्हाय. मडकं घासलंस का? औंदा आंबील तू धर, माज्या हातनं सांडंल.”

मी ती टिकली चार वेळा ऐकली. दानेश्वरी म्हणाली, अत्ती, झिजेल ती. तशी झिजत नाही ना, तेवढं कळवा.

ता. क. दुसरं. रविवारी येऊ नका, येळवसला आम्ही कुणी घरी नसू. डिंक सोडवायचं काही आणू नका. त्याऐवजी मोठ्या पोटाच्या, काळ्या पाठीच्या टिकल्या पाठवा, दोन वेगळ्या पाकिटांत, एक माझं, एक सिद्धेश्वरीचं. माझ्यातल्या तिच्याहून चार जास्त असाव्यात, आणि हे तिला कळू नये. कुलूपबंद टिकली तशीच राहू द्या. सिद्धेश्वरी म्हणते, ती काढायची नाही, आल्यागेल्याला दाखवायला बरी आहे.

ता. क. तिसरं. पोळी खाल्ली. मग चप्पल घालून समोर गेले आणि तोंडावर सांगितलं की पोळी चिवटच आहे आणि गूळ याही वेळी कमी. तिनं ऐकून घेतलं, हात पदरातून बाहेर काढून मांडीवर ठेवला, चांगला थरथरत होता, आणि म्हणाली, “आता माजं आईक. तुजी हुग्गी पहिल्यापासनं पातळ आसती. म्या कदी बोलले न्हाय.”

पहिल्यापासून. जावईबापू, मी आता तिथूनच आले आहे आणि माझे हात रागानं तिच्याहून जास्त थरथरतायत, अक्षरावरून दिसत असेल. तुम्ही दिवाळीला दोनदा मागून घेतली होती. आवडली म्हणून, की पानातली पटकन संपली म्हणून? मान, रीत सगळं बाजूला ठेवा आणि खरं काय ते लिहा. कागदावर लिहा, पाकीट डिंकानं नीट बंद करा, आणि शिवानीला दाखवू नका.